घाटाची सायकल, सपाटीची सायकल

गेले तीन वीकांत मी एक एक्सेल शीट भरतोय. दोन कॉलम, सत्तावीस ओळी. एका कॉलमच्या डोक्यावर लिहिलंय ‘टीसीआर’, दुसऱ्याच्या ‘प्रोपेल’. दोन्ही सायकली जायंट या तैवानी कंपनीच्या, दोन्ही कार्बनच्या, दोन्ही शर्यतीच्या. ज्यांना यात काडीचाही रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टीसीआर हलकी, घाट चढायला बरी. प्रोपेल किंचित जड, पण तिच्या नळ्या वाऱ्याला कमी अडतील अशा चपट्या केलेल्या, त्यामुळे सपाटीवर पळायला बरी. किमती लिहीत नाही, लिहिल्या तर आई हा ब्लॉग वाचेल. एवढंच सांगतो की तेवढ्यात एखादी बऱ्यापैकी सेकंडहँड चारचाकी येते. हे बाबांनी एकदा बोलून दाखवलं आणि मग सोडून दिलं.

मित्राला शीट पाठवली तर त्याचं उत्तर अस्सल सोलापुरी. “घे की बे कुठली पण! तुळजापूरलाच जाणारेस ना?”

मुद्दा चूक नाही. पण मला घाई होती, आणि घाईचं कारण गेल्या डिसेंबरात घडलं होतं. पुण्याहून निघालेली ३०० किलोमीटरची ब्रेव्हे मी २२० किलोमीटरवर सोडली. (ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं, पहिला-दुसरा कोणी नाही. ३०० ला २० तास मिळतात.) हातात वेळ होता. पायही ठीक होते. पण दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं, ब्रेक दाबला तर दाबला गेलाय की नाही ते कळेना, आणि मान वर उचलेना. एका ढाब्याबाहेर बाजेवर बसलो आणि जाणाऱ्या टेम्पोला हात केला. सोमवारी विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगितलं, “सायकल जड आहे रे. अ‍ॅल्युमिनियमची. कार्बनची असती तर झालं असतं.” इतक्या जणांना सांगितलं की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं. त्यातूनच ही शीट.

असो. शीट भरता भरता जालावर जे वाचत गेलो ते त्या सत्तावीस ओळींपेक्षा मजेदार निघालं, म्हणून हा लेख.

घाट की सपाटी हा प्रश्न गिअरपेक्षाही जुना आहे. टूर दि फ्रान्स सुरू झाली १९०३ साली. तिचा सर्वेसर्वा आंरी देग्रांज हा गृहस्थ गिअरच्या कट्टर विरोधात. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचं काम, असं त्याचं मत. त्यामुळे चालत्या सायकलवर गिअर बदलायची मुभा टूरमधल्या सगळ्या स्पर्धकांना मिळायला १९३७ साल उजाडलं. तोवर काय करायचे? मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दातेरी चक्रं असायची, एका अंगाला सपाटीचं, दुसऱ्या अंगाला चढाचं. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, नट सोडायचे, चाक काढून उलटं बसवायचं, चेन चढवायची, आणि निघायचं. माथ्यावर पोचलं की पुन्हा तोच कार्यक्रम. कधी उतरायचं यावर शर्यती जिंकल्या-हरल्या जायच्या. दंतकथा अशी की १९२७ साली इटलीतल्या एका बर्फाळ घाटात टुलियो कांपान्योलो नावाच्या रेसरच्या गारठलेल्या बोटांनी चाकाचे नट सुटेनात, आणि त्या चिडीतून त्याने एका दांड्याने सुटणारं चाक शोधून काढलं. कथा खरी असो-नसो, एका झटक्यात चाक सोडणारी ती कळ आज जगभर आहे आणि त्याच्या नावाची कंपनीही.

आपल्याकडे हा प्रश्न बोरघाटात भेटतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा रस्ता आठवा. खोपोलीपर्यंत जवळजवळ सपाट, मग घाट, मग लोणावळ्यापासून पुन्हा पुण्यापर्यंत पळापळ. म्हणून त्या शर्यतीत जिंकणाऱ्याखेरीज ‘घाटाचा राजा’ असा वेगळा किताब असतो. घाटात सगळ्यात आधी वर येणारा आणि पुण्यात सगळ्यात आधी पोचणारा एकच असेल असं नाही, हे ती शर्यत भरवणाऱ्यांना एक्सेल यायच्या कितीतरी आधी माहीत होतं.

आता या सगळ्यातलं माझं आवडतं पात्र. माझ्या शीटमधली टीसीआर ज्याच्या डोक्यातून निघाली तो माईक बरोज, इंग्लंडातल्या नॉरिच गावचा. कुठल्या मोठ्या कंपनीचा पगारदार नाही, आपल्या वर्कशॉपमध्ये झोपून चालवायच्या सायकली बनवणारा विक्षिप्त माणूस. याला ऐंशीच्या दशकातच कळलं होतं की सायकल म्हणजे गोल नळ्यांचा त्रिकोणच असला पाहिजे असं काही नाही, कार्बनची एकसंध, चपटी चौकट वारा जास्त चांगला कापेल. पण सायकलिंगच्या नियमांत असली चौकट बसत नव्हती, म्हणून ती तशीच पडून राहिली. पुढे नियम सैल झाले आणि लोटस या मोटार कंपनीने त्यावरून ‘लोटस १०८’ बनवली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन तिच्यावर बसला आणि ४००० मीटर पर्स्यूटच्या फायनलमध्ये त्याने जर्मनीच्या येन्स लेमानला चक्क गाठलं. या शर्यतीत दोघे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात. गाठलं म्हणजे अर्धा ट्रॅक भरून काढला! ब्रिटनला सायकलिंगमध्ये ७२ वर्षांनी सुवर्ण मिळालं आणि सगळीकडे त्या काळ्या सायकलचे फोटो छापून आले. बोर्डमन गमतीत पडला मागे. सायकलच जिंकली, असा सूर.

आणि मग आला ग्रॅम ओब्री. स्कॉटलंडचा, खिशात पैसे नाहीत, सायकल स्वतः जोडलेली, आणि तिच्यात वॉशिंग मशीनची बेअरिंग. (हे मी रचून सांगत नाहीये.) त्याचा शोध सायकलीत नव्हताच, बसण्यात होता. हात दुमडून छातीखाली घ्यायचे, अंडाकृती पुढे झुकायचं. जुलै १९९३ मध्ये त्याने नॉर्वेत एका तासात ५१.५९६ किलोमीटर जाऊन विश्वविक्रम केला. तो विक्रम आठवडाभरही टिकला नाही, सहा दिवसांनी बोर्डमनने बोर्डोमध्ये ५२.२७० केले. पण ओब्रीची बैठक सगळ्यांच्या डोळ्यांत खुपली. १९९४ मध्ये जागतिक सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, तिच्यावर बंदी घातली. पठ्ठ्याने दुसरी बैठक काढली, हात पुढे लांब ताणलेली, सुपरमॅन उडतो तशी. १९९६ मध्ये तीच बैठक घेऊन बोर्डमन तासाला ५६.३७५ किलोमीटर गेला. मग त्यावरही बंदी.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बोर्डमनने २००० साली तासाचा विक्रम पुन्हा एकदा केला, पण या वेळी यूसीआयच्या नव्या नियमाने: जुन्या धाटणीची सायकल, गोल नळ्या, खाली वळलेलं साधं हँडल. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ज्या पद्धतीच्या सायकलवर ४९.४३१ किलोमीटर केले होते, त्या पद्धतीची. बोर्डमनने केले ४९.४४१. दहा मीटर जास्त! तोच माणूस, आधीच्या आकड्यापेक्षा जवळजवळ सात किलोमीटर कमी. मान्य, मध्ये चार वर्षं गेली होती, वय वाढलं होतं. तरी सात किलोमीटर नुसत्या वयाने जात नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं, सायकलने फरक पडतो याचा पुरावा मिळाला, प्रोपेल घेऊन टाकू. रात्री अकरा वाजता त्या पेजवर ‘अ‍ॅड टू कार्ट’पर्यंत पोचलोही होतो. मग पुन्हा वाचलं. त्या सात किलोमीटरमधला मोठा वाटा सायकलचा नाही, बैठकीचा आहे. सपाटीवर तिशीच्या वेगाने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि त्या हवेपैकी साधारण तीन चतुर्थांश अडते ती तुमच्या अंगाला, सायकलला नव्हे. १९८९ च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमंड लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता, रस्ता उरला होता २४.५ किलोमीटर. लेमंडने ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेल्या दोन पुढे आलेल्या दांड्या हँडलला लावल्या, कोपरं जवळ घेतली आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. फिन्यों पोनीटेल उडवत, उघड्या डोक्याने हरला. हँडलच्या दोन दांड्या. माझ्या शीटमध्ये हँडलला ओळसुद्धा नव्हती.

पुन्हा बरोजकडे येऊ. नव्वदच्या दशकात जायंटने त्याला बोलावून घेतलं. आता वाटेल की हा वाऱ्याचा माणूस, त्यांना आणखी एक लोटस काढून देईल. त्याने दिली टीसीआर, ‘टोटल कॉम्पॅक्ट रोड’. सायकलची मधली दांडी, जिच्यावर लहानपणी आपण आडवे बसून शाळेत गेलो, ती तोवर रेसिंग सायकलला जमिनीला समांतर असायची. बरोजने ती मागे उतरती केली. मागचा त्रिकोण लहान झाला, फ्रेम हलकी आणि ताठ झाली. १९९८ मध्ये स्पेनचा ओन्से संघ तिच्यावर टूर धावला, आणि आज कुठल्याही दुकानात जा, उतरती दांडी नसलेली रेसिंग सायकल शोधावी लागते.

पण उतरत्या दांडीचं दुसरं कारण हलकेपणाचं नव्हतं, गोदामाचं होतं. त्याआधी चांगली रेसिंग सायकल शिंप्याकडच्या शर्टासारखी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या फरकाने कितीतरी मापांत यायची. दांडी उतरती केली की एकाच फ्रेमवर बुटका आणि उंच दोघंही बसवता येतात. उरलेला फरक सीटपोस्ट वर-खाली करून आणि स्टेम (म्हणजे हँडल धरणारा तो आडवा तुकडा) लहान-मोठा करून भरून काढायचा. टीसीआर आली ती टी-शर्टासारखी. स्मॉल, मीडियम, लार्ज. कारखान्याला सोयीचं, दुकानदाराला सोयीचं. रेसरलाही चालून गेलं, कारण त्याच्यामागे स्टेम बदलून देणारा मेकॅनिक होता. मेकॅनिक नसलेल्या गिऱ्हाइकाचं काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नसावा. याच्याकडे पुन्हा येतो.

मग नियमांची पाळी. १९९६ मध्ये यूसीआयने लुगानो इथे एक सनद काढली: सायकल दिसायला सायकलच पाहिजे, चौकट त्रिकोणीच पाहिजे, माणूस आधी, यंत्र नंतर. त्यावर आधारलेले नियम २००० पासून लागू झाले. लोटस १०८ सारख्या सायकली बाद. आणि आणखी एक आकडा ठरला: शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. त्या वेळी ६.८ म्हणजे फारच हलकी. आज नुसती वरच्या दर्जाची कार्बन फ्रेम सातशे ग्रॅमच्या आसपास भरते, तरी ६.८ तसाच आहे. परिणाम काय? हलकेपणाच्या शर्यतीला खाली फरशी लागली. शिल्लक राहिलेले ग्रॅम कंपन्यांनी नळ्या चपट्या करण्यात खर्च केले. जायंटची प्रोपेल आली २०१३ मध्ये. आणि वाऱ्याच्या सायकली हळूहळू त्या फरशीपर्यंत उतरल्यावर काही कंपन्यांनी दोन वेगळी मॉडेलं ठेवणंच सोडून दिलं. स्पेशलाइज्डने २०२० मध्ये नवी टारमॅक आणली आणि वाऱ्याची वेंज बंद केली. ट्रेकने २०२४ मध्ये हलकी एमोंडा माडोनमध्ये मिळवून टाकली. जायंटने मात्र दोन्ही ठेवल्यात, म्हणून मला शीट भरावी लागतेय. :-)

तरीही हिशोब करून बघितलाच. माझा नेहमीचा रस्ता सोलापूर-तुळजापूर, जाऊन-येऊन ९० किलोमीटर. शेवटचा छोटा घाट धरून चढ ढोबळमानाने २०० मीटर. टीसीआर एक किलोने हलकी आहे असं उदार मनाने धरू (आहे त्याच्या निम्मी). एक किलो २०० मीटर वर न्यायला सुमारे २००० ज्यूल लागतात. मी घाटात २०० वॅट देतो. म्हणजे वाचले १० सेकंद. आता प्रोपेल. वाऱ्यातल्या बचतीचे आकडे कंपन्या चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाला देतात, आणि वेग कमी झाला की बचत घनाच्या हिशोबाने कोसळते. चाळिशीला १० वॅट धरले तर माझ्या तिशीला जेमतेम ४ उरतात. तीन तासांत वाचले साधारण दीड मिनिट. दीड मिनिट विरुद्ध १० सेकंद, म्हणजे सोलापुरात राहणाऱ्याने प्रोपेल घ्यावी हे गणिताने सिद्ध झालं. आमचा ग्रुप तुळजापूरला चहाला थांबतो तो पंचवीस मिनिटं.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगत होतो. आमच्या घरात सायकलचा निर्णय याआधी एकदाच झाला होता, आजोबा मिलमध्ये लागले तेव्हा. त्या काळी परदेशी सायकल विसरा. मद्रासची टीआय (हर्क्युलिस), आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हिरो, असे मोजके कारखाने, आणि रंगांत निवड करायची तर काळा किंवा काळा. वजन वीसेक किलो, वर डायनॅमो, कॅरिअर, चेनकव्हर आणि नगरपालिकेचा बिल्ला. आजोबांनी जुनी हर्क्युलिस घेतली. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत पोचायचं, दुपारी परत यायचं, एवढं तिचं काम. मी बाबांना म्हटलं, “बघा, त्यांना काही निवडायलाच नव्हतं.”

बाबा म्हणाले, “निवडायला नव्हतं, पण मिस्त्रीनं आधी बसवून बघितलं होतं त्यांना. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होतो का, हात हँडलला अवघडतो का. सीट दोनदा खाली-वर केली तेव्हा पैसे घेतले. तू बसून बघितलीस का कुठली?”

नव्हतो बघितलं. दोन्ही सायकली मी फक्त स्क्रीनवर पाहिल्या होत्या. आणि त्याहून वाईट म्हणजे आत्ता आहे ती अ‍ॅल्युमिनियमचीही बसून न बघता घेतली होती. २०२० मध्ये सायकलींचा सगळीकडे तुटवडा होता, दुकानात फक्त लार्ज उरली होती, दुकानदार म्हणाला “चालतंय, अ‍ॅडजस्ट होतं,” आणि मी पाच फूट सहा इंचांचा माणूस ती घेऊन घरी आलो. दुकानदार खोटं बोलला नव्हता. अ‍ॅडजस्ट होतंच. पण करायचं कोणी?

त्या रात्री मोबाईल स्टूलवर ठेवून स्वतःचा बाजूने व्हिडिओ काढला. बघवेना. हात पूर्ण ताणलेले, कोपरं कुलूप घातल्यासारखी, सगळा भार तळहातांवर, आणि समोर बघायला मान मागे मोडलेली. करंगळी आणि शेजारचं बोट ज्या नसेवर चालतं ती तळहाताच्या त्याच कडेने जाते, जी मी २२० किलोमीटर हँडलवर दाबून धरली होती. मानेचं तर अमेरिकेच्या आरपार जाणाऱ्या ‘रॅम’ शर्यतीत नावच पडलंय, ‘शर्मर्स नेक’, मायकेल शर्मर या स्पर्धकावरून. त्या शर्यतीत मानेचे स्नायू दमून डोकंच उचलेनासं होतं, लोक दोऱ्या-काठ्या बांधून हनुवटी वर ठेवतात. नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पुरी केली २०१७ मध्ये. ते ४,९०० किलोमीटरच्या आसपास जातात. माझी मान २२० वर गेली आणि मी दोष दिला अ‍ॅल्युमिनियमला.

दुसऱ्या दिवशी ११० मिलिमीटरचा स्टेम काढून ८० चा लावला, हँडल दोन रिंगा वर घेतलं, सीट पंधरा मिलिमीटर खाली आणि थोडी पुढे. खर्च दीड हजार रुपये, दोन चहा. फ्रेम अजूनही मोठीच आहे, ती काही लहान होणार नाही.

गेल्या रविवारी पहाटे पाचला निघालो. हिप्परग्याच्या तलावापाशी उजाडलं, समोरून वारा होता. तुळजापूरच्या घाटात एक काका लोखंडी सायकलवर दुधाचे कॅन लावून माझ्या पुढे बराच वेळ होते, शेवटच्या वळणावर त्यांना गाठलं. नऊच्या आत घरी. वेळ नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्तच लागला. बोटं शाबूत होती. दारातच शर्टाची बटणं एका हाताने काढून बघितली, निघाली.

शीट अजून आहे. तिच्यात अठ्ठाविसावी ओळ घातलीय, सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर, स्मॉल आणि मीडियम दोन्ही मापांत. दोन्ही कॉलममध्ये आकडे जवळजवळ सारखेच आले. पुढच्या महिन्यात हापिसच्या कामाने पुण्याला जायचंय तेव्हा दोन्हींवर बसून येणार आहे, टेप घेऊन. गणित प्रोपेलच्या बाजूने आहे, पण बरोजची गोष्ट वाचल्यापासून मन टीसीआरकडे ओढतंय, हे कबूल करतो. डिसेंबरच्या ३०० ला मात्र नाव नोंदवलंय ते याच लार्जवर. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “टेम्पोवाल्याचा नंबर ठेव जवळ.”